पोटरीचं माप

पोटरी हा शब्द आपण बोलतो खूप, लिहितो फारच कमी. लांब चालून आलं की पोटऱ्या भरून येतात, रात्री पोटरीत गोळा येतो, बाळाला तेल लावताना आज्जी पोटऱ्या वरून खाली चोळते. शब्दातच पोट आहे. ग्रीकांनीही या स्नायूला ‘पायाचं पोट’ अशाच अर्थाचं नाव दिलं होतं. डॉक्टर आजही त्याला गॅस्ट्रोक्नेमियस म्हणतात ते त्यातूनच आलं. गॅस्टर म्हणजे पोट आणि क्नेमे म्हणजे गुडघ्याखालचा पाय. कुठं ग्रीस आणि कुठं आपलं बेळगाव, पण बघणाऱ्याला दिसलं तेच.

मला इथं सांगायची आहे ती मात्र सगळ्यांच्या पोटरीची गोष्ट नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या पोटरीची आहे. अशी मुलं तुम्ही पाहिली असतीलच. लग्नात, बस्तीच्या पायऱ्यांवर, शाळेच्या फाटकापाशी. मूल चवड्यांवर चालतं, टाच जमिनीला लागत नाही, गुडघे एकमेकांवर घासतात. काहींचा एकच हात आणि एकच पाय आखडलेला असतो, काहींचे दोन्ही पाय. काहींना चालताच येत नाही. बाळ पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. ती इजा पुढं वाढत नाही. पण मूल वाढतं, आणि वाढत्या अंगावर त्या इजेची सावली बदलत जाते.

टाच का टेकत नाही? या प्रश्नाला दीडशे वर्षं एकच उत्तर होतं. पोटरी आखडली आहे, ताठ आहे, आखूड झाली आहे. मग तिला ताणा, प्लास्टरमध्ये ठेवा, नाहीतर कापून लांब करा. पोटरी खरंच केवढी आहे हे नीट मोजून बघायचं मात्र राहून गेलं होतं. ते मोजलं गेलं गेल्या पंचवीसेक वर्षांत. मोजल्यावर जे दिसलं त्यानं जुन्या उपचारांकडं बघायची नजर बदलली. घराघरात ज्या आयांना बोल लावला गेला, त्यांच्याही दृष्टीनं ते महत्त्वाचं आहे. म्हणून हा लेख.

सुरुवात लंडनच्या एका मुलापासून करावी लागते. विल्यम जॉन लिटल, जन्म १८१०. लहानपणी त्याला पोलिओ झाला आणि डावं पाऊल आत वळून वाकडं झालं. टाच वर ओढलेली. पुढं तो डॉक्टरकी शिकला, पण स्वतःच्या पायावर इलाज सापडेना. टाचेमागची जाड शीर, जुनी माणसं जिला धोंडशीर म्हणतात, ती कापायला त्या काळचे सर्जन घाबरत. उघड्या जखमेत पू होई आणि पायच काय, जीवही जाई. जर्मनीत हॅनोव्हरला स्ट्रोमायर नावाच्या सर्जननं वेगळी युक्ती काढली होती. कातडीला अगदी बारीक छेद द्यायचा, पातळ पातं आत घालायचं आणि शीर आतल्या आत कापायची. १८३६ साली लिटलनं स्वतःचा पाय त्याच्या हाती दिला. भूल द्यायची पद्धत तेव्हा निघालेलीच नव्हती, हे लक्षात घ्या. पाय सुधारला. लिटल ती शस्त्रक्रिया शिकूनच लंडनला परतला, १८३७ पासून स्वतः करू लागला, आणि पुढं वाकड्या पायांच्या रुग्णांसाठी तिथं संस्थाही उभी केली.

या संस्थेत त्याच्याकडं नाना तऱ्हेची मुलं येऊ लागली. त्यांतली काही पोलिओची नव्हती. त्यांचे पाय लुळे नसून उलट ताठ होते. लिटल आयांना विचारत गेला. बाळंतपण कसं झालं? दिवस पुरे भरले होते का? बाळ लगेच रडलं का? ही माहिती त्यानं वर्षानुवर्षं लिहून ठेवली आणि १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्राच्या मंडळापुढं आपला निबंध वाचला. अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच श्वास कोंडणं यांचा मुलाच्या ताठरपणाशी संबंध आहे, असं त्याचं म्हणणं. तोवर समज असा होता की गुदमरलेलं बाळ एक तर दगावतं, नाहीतर सुधारतं. लिटलनं तिसरी शक्यता दाखवली. पुढं कित्येक वर्षं या आजाराला ‘लिटलचा रोग’च म्हणत.

मला या माणसाचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की त्यानं आयांना विचारलं आणि त्यांनी सांगितलेलं खरं मानलं. पण त्याच्या या शोधातून आईच्या पदरात एक नवं ओझंही पडलं. आधी ग्रहण होतं, दृष्ट होती, गेल्या जन्मीचं काहीबाही होतं. आमच्याकडं तर ‘कर्माचा उदय’ म्हणून मोकळं होतात, आणि असं म्हणणारे मुलाला उचलून जिना चढवायला पुढं येतातच असं नाही. आता त्यात बाळंतपणाची भर पडली. ‘कळा देताना तू जोर केला नाहीस’, ‘उशिरा का गेलीस दवाखान्यात’, ‘माहेरी कशाला गेलीस’. हे सगळं मी कानानं ऐकलंय.

लिटलला विरोध करणारा माणूस वेगळ्याच कारणासाठी जगाला माहीत आहे. सिग्मंड फ्रॉइड. स्वप्नांचा आणि मनाचा फ्रॉइड तो हाच. त्याआधी तो मेंदूच्या आजारांचा डॉक्टर होता आणि मुलांच्या मेंदूजन्य पक्षाघातावर त्यानं १८९७ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की अवघड बाळंतपण हे दर वेळी कारण नसतं. कधी गर्भातच आधी काही बिघडलेलं असतं आणि त्यामुळंच बाळंतपण अवघड जातं. या बोलण्याकडं जवळजवळ नव्वद वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत पन्नास हजारांहून जास्त गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं, की सेरेब्रल पाल्सी झालेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत जन्माच्या वेळी गुदमरणं हे कारण नव्हतंच. म्हणजे फ्रॉइडचं बरंचसं खरं निघालं. नव्वद वर्षांत किती आयांनी उगाच स्वतःला दोष दिला असेल त्याचा हिशोब कोण ठेवणार?

आता पुन्हा पोटरीकडं. लिटलची स्वतःची टाच शीर कापून मोकळी झाली होती. साहजिकच ताठ पायांच्या मुलांवरही तोच उपाय सुरू झाला, आणि त्याच्यानंतरच्या सर्जननी तो पुढं नेला. जर्मनीत व्हुल्पियसनं धोंडशिरीऐवजी थोडं वर, पोटरीच्या स्नायूपाशी छेद द्यायची रीत काढली. स्वीडनच्या सिल्फरशोल्डनं १९२० च्या दशकात एक साधी परीक्षा लिहून ठेवली. ती इतकी साधी आहे की आजही फिजिओथेरपिस्ट पहिल्यांदा तीच करतात. मुलाचा गुडघा वाकवून पाऊल वर ढकलायचं, मग गुडघा सरळ करून तेच करायचं. गुडघा वाकवल्यावर पाऊल वर येतं आणि सरळ केल्यावर अडतं, तर अडवणारा स्नायू गुडघ्याच्या वरून खाली येणारा, म्हणजे पोटरीचा वरचा गॅस्ट्रोक्नेमियस. दोन्ही वेळा अडतं, तर त्याच्याखालचा सोलियसही आखडलेला. सोलियस गुडघ्याच्या खालून सुरू होतो, म्हणून गुडघा वाकवून त्याला काही फरक पडत नाही. १९५० मध्ये अमेरिकेत स्ट्रेयरनं आणखी एक पद्धत सांगितली. छेद कुठं द्यायचा यावर वाद होत राहिले. छेद द्यावा की नाही, यावर फारसे झाले नाहीत.

लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर एका जोडप्यानं वेगळी वाट धरली. बेर्टा बोबाथ ही बर्लिनची व्यायामशिक्षिका, नवरा कारेल डॉक्टर. हातांनी मुलाला धरून, वळवून, ताठरपणा सैल करत हालचाल शिकवायची त्यांची पद्धत जगभर गेली, आपल्याकडंही आली. तिच्यातलं मायेचं अंग फार मोलाचं. पण त्या परंपरेत एक भीती होती. मुलानं जोर लावून व्यायाम केला तर ताठरपणा वाढेल. म्हणून ताकदीचे व्यायाम कित्येक वर्षं वर्ज्यच होते.

भारतात या मुलांसाठी शाळा निघाली ती १९७२ साली, मुंबईत कुलाब्याला. मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, कारण त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती आणि तिच्याजोगी शाळा देशात नव्हती. मूठभर मुलांनी सुरुवात झाली. मालिनी चिब पुढं झेवियर्समध्ये शिकली, इंग्लंडला जाऊन शिकली, आणि एका बोटानं टाइप करत तिनं आपलं आत्मचरित्र लिहिलं. ‘वन लिटल फिंगर’, २०१० साली आलं. इंग्रजी वाचणाऱ्या मुलींनी ते जरूर वाचावं. मुंबई झाली, पुढं इतर शहरांत संस्था झाल्या. आपल्या सीमाभागातल्या आयांना मात्र मिरज-कोल्हापूर-बेळगावच्या एसट्या चुकल्या नाहीत. मूल कडेवर, ते सहा वर्षांचं झालं तरी कडेवर.

शस्त्रक्रियांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. कॅनडात टोरांटोला मर्सर रँग नावाचे मुलांचे हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी एका गोष्टीला ‘वाढदिवसाचा रोग’ असं नाव दिलं. यंदा टाचेची शस्त्रक्रिया, पुढच्या वर्षी गुडघ्यामागची, त्याच्या पुढच्या वर्षी मांडीची, म्हणजे मुलाचा प्रत्येक वाढदिवस दवाखान्यात. थट्टेतलं नाव, पण वाचताना घशात आवंढा येतो. त्यातच असंही दिसू लागलं की पोटरी एकदा जास्त लांब केली की टाच टेकते खरी, पण काही वर्षांनी मूल गुडघे वाकवून खाली खचत चालतं. कारण पोटरी नुसती टाच उचलत नाही. आपण उभ्या असतो तेव्हा नडगीला मागं धरून ठेवते, गुडघा सरळ राहायला मदत करते. ती दुबळी झाली की सगळा डोलारा पुढं झुकतो. चवड्यांवर चालणाऱ्या मुलाला निदान चालता तरी येत होतं.

याच रँग यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास छापला. जन्मतःच अंगात ताठरपणा असलेले उंदीर आणि साधे उंदीर यांचे स्नायू वाढत्या वयात कसे लांब होतात ते त्यांनी पाहिलं. ताठ उंदरांचं हाड वाढत होतं, स्नायू मागं पडत होता. लहान मुलांच्या कपड्याचं असतं ना, मूल वाढतं आणि झबलं तेवढंच राहतं, तसं. म्हणजे पोटरी आखडते असं नाही, ती वाढायची राहते. प्रश्नाचा तोंडवळाच बदलला. पण उंदरातलं माणसाच्या मुलात खरं आहे का, हे कसं बघणार?

टेप लावून पोटरीचा घेर पूर्वीपासून घेत. एका बाजूचा पाय बारीक राहतो हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनाही दिसत होतं. पण टेपचं माप म्हणजे ब्लाउजचं माप. त्यात कातडी, चरबी, हाड, सगळं आलं. आतला स्नायू किती, ते टेप सांगत नाही. एमआरआयमध्ये फार छान दिसतं, पण त्या ढणढणत्या नळीत मूल हलता कामा नये, आणि या मुलांचं अंग त्यांच्या हातात नसतं. कित्येकदा भूल द्यावी लागते. नुसत्या मापासाठी भूल कोण देईल?

उत्तर मिळालं ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या यंत्रातून. सोनोग्राफी. गरोदरपणी पोटावर गार जेल लावून फिरवतात तेच. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये चालण्याचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा आहे, तिचं नाव ‘वन स्मॉल स्टेप’, एक छोटं पाऊल. तिथं ॲडम शॉर्टलँड, मार्टिन गॉफ, निकोला फ्राय यांनी या शतकाच्या सुरुवातीला हे काम केलं. मूल पालथं झोपवायचं, सोनोग्राफीचा दांडा पोटरीवरून गुडघ्याकडून टाचेकडं फिरवायचा. दांड्याला चमकते मणी लावलेले आणि खोलीतले कॅमेरे ते मणी कुठं आहेत ते टिपत राहतात. मग प्रत्येक चित्र नेमकं कोणत्या जागेचं ते कळतं आणि ती चित्रं एकावर एक रचून संगणकावर अख्खी पोटरी उभी राहते. तिची लांबी, जाडी आणि घनफळ काढता येतं. दुखत नाही, किरण नाहीत, भूल नाही. जेल गार लागतं एवढंच.

२००२ साली त्यांचं पहिलं निरीक्षण आलं आणि ते बुचकळ्यात टाकणारं होतं. पोटरीचा मांसल भाग आखूड असतो हे खरं, तर मग तिच्यातले तंतूही आखूड असायला हवेत. पण तंतूंचे जुडगे मोजले तर दोन्ही पाय ताठ असलेल्या मुलांत आणि इतर मुलांत त्यांच्या लांबीत म्हणावा तसा फरक नव्हता. मग पोटरी आखूड कशानं झाली?

हे समजायला आपल्या स्वयंपाकघरातलं ताटाळं बरं. ताटाळ्यात ताटं तिरकी, एकाला एक टेकून उभी असतात. पोटरीतले तंतू असेच तिरके लागलेले असतात, वरून खाली सरळ नव्हे. आता समजा सगळ्या ताटांची उंची तीच ठेवली, पण जाड पितळी ताटांच्या जागी पातळ पत्र्याची ताटं ठेवली. ताट उंचीला तेवढंच, पण रांगेची लांबी कमी झाली. पोटरीचं तेच. तंतू आखूड नव्हते, बारीक होते. बारीक म्हणून पोटरी आखूड, आणि बारीक म्हणूनच दुबळी. दीडशे वर्षं जिला आपण ‘फार ओढणारी’ म्हणत होतो ती पोटरी खरं तर लहान आणि अशक्त होती.

पुढच्या वर्षांत मापं येत गेली. एकाच बाजूचा पाय आखडलेल्या मुलांत दोन्ही पोटऱ्या मोजल्या तर आजारी बाजूची बरीच लहान निघाली. मूल तेच, खाणंपिणं तेच, आई तीच, म्हणजे कुपोषणाचा प्रश्नच नाही. ऑस्ट्रेलियात २ ते ५ वर्षांच्या मुलांत मोजलं, २०११ साली छापलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांच्या पोटरीचा आतल्या बाजूचा भाग घनफळानं २२ टक्के कमी. पाच वर्षांच्याही आत! तोवर समजूत अशी होती की हे पुढं, मूल मोठं झाल्यावर, वर्षानुवर्षं चवड्यांवर चालून होतं. मग २०१६ मध्ये डेन्मार्कमध्ये तान्ही बाळंच मोजली. सुरुवातीला फरक दिसत नाही, पण १५ महिन्यांच्या सुमाराला पोटरीची वाढ मागं पडल्याचं स्पष्ट दिसतं. म्हणजे ज्या वयात बाकीची मुलं चालायला लागतात, त्याच वयात.

अमेरिकेत सॅन डिएगोला रिचर्ड लीबर यांच्या गटानं आणखी आत डोकावून पाहिलं. शस्त्रक्रिया चालू असताना स्नायूचा कण तपासला. स्नायूच्या तंतूत आकुंचन पावणारे अतिसूक्ष्म दुवे एकापुढं एक जोडलेले असतात, साखळीच्या कड्यांसारखे. आखडलेल्या स्नायूत ही कडी आखूड असतील असं कुणालाही वाटेल. निघालं उलटं. प्रत्येक कडी गरजेपेक्षा जास्त ताणलेली होती. कड्या कमी, म्हणून प्रत्येकीवर ओढ जास्त. स्नायू वाढवायला आणि दुरुस्त करायला ज्या राखीव पेशी लागतात त्याही त्या स्नायूंत निम्म्याहून कमी आढळल्या. हे मांडीच्या मागच्या स्नायूंत पाहिलेलं, पण पोटरीच्या तंतूंतही पुढं असाच अती ताण दिसला.

मला हे वाचल्यावर आमच्या गल्लीतली एक बाई आठवली. तिची मुलगी सात वर्षांची. रोज सकाळ-संध्याकाळ ती मुलीचं पाऊल धरून वर ढकलायची, मुलगी कळवळायची. जाऊबाई दारातून म्हणायच्या, “अगं, नीट ताणत नाहीस तू. म्हणून तर टाच टेकत नाही.” ती खाली मान घालून म्हणायची, “करते की वो अक्का, रोज करते.” आणि शाळेतल्या बाई मुलीला म्हणायच्या, आळशी आहेस, टाच टेकव म्हटलं तर टेकवत नाहीस. ताणायचंच नाही असं नव्हे. सांधे मोकळे ठेवायला, पट्ट्यांचे बूट नीट बसायला ते लागतं, आणि किती करायचं ते फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावं. पण आधीच ताणलेल्या कड्यांना आईनं आणखी ताणून पोटरी वाढत नाही, हे त्या जाऊबाईंना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आईचा जोर कमी पडत नव्हता आणि मुलगी आळशी नव्हती. पोटरीच लहान होती.

१९९३ पासून एक इंजेक्शन आलं. बोट्युलिनम टॉक्सिन. सुरकुत्या घालवायला नट्या घेतात ते बोटॉक्स हेच. नसेकडून स्नायूला येणारा निरोप ते काही महिने तोडतं, पोटरी सैल होते, टाच टेकते. आयांना तो चमत्कारच वाटला आणि त्यात नवल नाही. पण पोटरी मोजणाऱ्यांना वेगळी काळजी लागली. जो स्नायू मुळातच लहान आणि अशक्त, त्याला पुन्हा पुन्हा निकामी करून पुढं काय होणार? गॉफ, शॉर्टलँड आणि त्यांच्या एका सहकारी डॉक्टरांनी २००५ मध्येच जरा थांबून विचार करा असं लिहिलं. पुढं इंजेक्शन दिलेल्या पोटऱ्या मोजल्या तेव्हा त्या नंतर काही महिने आणखी लहान झालेल्या दिसल्या. इंजेक्शन वाईटच असं मी म्हणणार नाही. दुखणं असतं, झोप लागत नाही, बूट चढत नाही, अशा वेळी त्याचा उपयोग आहे. पण ‘दर सहा महिन्यांनी घेऊन टाका’ असं कुणी सांगितलं तर कशासाठी, हे विचारायचा आईला हक्क आहे.

ताकदीच्या व्यायामाचं काय? बोबाथांची भीती १९९० च्या दशकात अमेरिकेत डायान डामियानो यांनी तपासून पाहिली. मुलांनी वजनं लावून व्यायाम केले. ताकद वाढली, ताठरपणा काही वाढला नाही. २००९ मध्ये गाइजच्या त्याच लंडनच्या लोकांनी मुलांना दहा आठवडे पोटरीचा व्यायाम दिला आणि आधी-नंतर सोनोग्राफीनं मोजलं. पोटरीचं घनफळ वाढलं! चालण्यात त्या मानानं फरक पडला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. मेंदूची इजा काही व्यायामानं जात नाही. पण लहान पोटरी लहानच राहणार हे कपाळावर लिहिलेलं नाही, एवढं तरी सिद्ध झालं.

आपल्याकडं या मुलांचं माप म्हटलं की आयांना एकच माप माहीत असतं, ते म्हणजे टक्केवारी. अपंगत्वाचा दाखला किमान ४० टक्क्यांचा पाहिजे, नाहीतर सवलत नाही. १९९५ च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी हालचालींच्या अपंगत्वातच धरली होती, २०१६ च्या कायद्यातही ती नावानिशी आहे. दाखल्याच्या रांगेत मुलाला दिवसभर बसवून, हात वर कर, चालून दाखव, असं करून जो आकडा मिळतो तो सरकारसाठी. त्यानं बसचा पास मिळतो, शिष्यवृत्ती मिळते, ते हवंच. पण मुलाचा कोणता स्नायू किती वाढला, गेल्या वर्षीपेक्षा बरा की वाईट, हे त्या कागदावर कुठंच नसतं.

मग सोनोग्राफी करून पोटऱ्या का मोजत नाहीत, असं तुम्ही विचाराल. यंत्र आज पुस्तकाएवढं लहान झालंय. पण आपल्या देशात त्या यंत्रावर १९९४ चा गर्भलिंगनिदानाचा कायदा आहे. यंत्राची नोंदणी, कुणी वापरायचं, कुठं ठेवायचं याचे नियम कडक आहेत. फिजिओथेरपिस्टनं पिशवीत घालून खेड्यातल्या शाळेत न्यावं असं ते यंत्र नाही. नियम का आले ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. पोटातल्या मुली मोजून मारल्या म्हणून आले. त्यांच्यापायी पोटरीच्या मापालाही कुलूप लागलंय, याचं वाईट वाटतं, पण कायदा सैल करा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तोवर मोठ्या दवाखान्यातल्या नोंदणी झालेल्या यंत्रावर रेडिओलॉजिस्टकडून पोटरीची जाडी मोजून घेता येईल, तेवढं तरी व्हावं.

युरोपात, बेल्जियमच्या लूव्हेन विद्यापीठात, आता एकाच मुलाची पोटरी पुन्हा पुन्हा मोजतात. अगदी लहान बाळापासून, ठरावीक महिन्यांनी, वर्षानुवर्षं. त्यातून वाढीचे आलेख निघतात. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्यावर आपल्या मुलांची रेघ चढत गेलेली तुम्ही पाहिली असेल, हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून ताईंनी शाबासकी दिली असेल. तसाच हा तक्ता, फक्त किलोंऐवजी पोटरीचं घनफळ. एक रेघ इतर मुलांची, एक या मुलांची. आधी दोन्ही जवळजवळ चालतात. मग दुसरी रेघ थोडी खाली राहते, पण चढत असते. सेरेब्रल पाल्सी जितकी सौम्य, तितकी ती वरच्या रेघेच्या जवळ.